उथळ काठाची मोजदाद

पहाटे ४.३०, रामदासपेठ

जानेवारीचा दुसरा आणि तिसरा आठवडा पाणपक्ष्यांच्या गणनेचा. १९८७ पासून आशियातल्या अनेक देशांत याच सुमारास आशियाई पाणपक्षी गणना होते. वेटलँड्स इंटरनॅशनल ही संस्था ती जुळवून आणते आणि भारतात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा तिच्यात मोठा वाटा आहे. मोजणारे मात्र गावोगावचे हौशी लोक. पगार नाही, प्रवासभत्ता नाही. तलाव वाटून घ्यायचे, ठरलेल्या दिवशी पोचायचं, मोजायचं, आकडा द्यायचा.

जानेवारीच का, असं पुष्कळ जण विचारतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात उत्तरेकडून येणारे थवे अजून वाटेवर असतात, आज या तलावावर तर उद्या त्या. फेब्रुवारी सरता सरता परतीची चुळबुळ सुरू होते. जानेवारीच्या मध्यावर पक्षी स्थिरावलेले असतात, त्यामुळे तेच पक्षी दोन ठिकाणी दोनदा मोजले जाण्याची भीती सगळ्यात कमी. दुसरं कारण पिसांचं. आल्या आल्या बदकांचे नरही मादीसारखे मळखाऊ दिसतात. जानेवारीपर्यंत त्यांचा रंग भरतो आणि लांबूनही तलवार बदक, थापट्या, लालसरी वेगवेगळे ओळखू येतात.

नागपूरच्या रामदासपेठेत या वेळी फक्त दूधवाल्यांच्या गाड्या आणि एखाद्या इस्पितळाबाहेर बसलेले नातेवाईक जागे असतात. सामान रात्रीच दाराशी ठेवलेलं असतं: दुर्बीण, टेलिस्कोप, ट्रायपॉड, जाड पुठ्ठ्याची वही, दोन पेन्सिली. थंडीत बॉलपेन ऐन वेळी दगा देतं, पेन्सिल देत नाही. कानटोपी, मफलर, थर्मासात चहा. भडक रंगाचा स्वेटर नको, मातकट बरा. मैत्रीण कोपऱ्यावर उभी असते. ती गाडीत बसते आणि आम्ही निघतो.

पहाटे ५.१५, उमरेड रोड

नागपूरला समुद्र नाही. पूर्वेला जा की पश्चिमेला, खारं पाणी शेकडो किलोमीटर लांब. शिवडीच्या चिखलातले रोहित पाहायला मुंबईकर खाडीवर जातात, तसा आम्हाला किनारा हवा असेल तर तो तलावाचा. आणि तलावांना पूर्व विदर्भात तोटा नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत जुने मालगुजारी तलाव सुमारे सात हजार. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या लोकांनी पाळी बांधून, उताराचा अचूक अंदाज घेऊन ते उभे केले. नागपूर जिल्ह्यात त्यांच्या जोडीला पाटबंधाऱ्यांचे मध्यम-लघु प्रकल्प आहेत. आज आमच्या वाट्याला मकरधोकडा आणि सायकी, दोन्ही उमरेड तालुक्यातले.

मेडिकल चौक, सक्करदरा, ताजबाग, दिघोरी मागे पडलं की रस्ता मोकळा होतो. पाचगावच्या पुढे धुकं लागतं. उमरेडचं नाव लोक कोळशाच्या खाणींमुळे आणि २०१२ मध्ये जाहीर झालेल्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यामुळे ओळखतात. वाघासाठी हजारो गाड्या या रस्त्याने जातात. त्यातली एखादी मकरधोकड्याच्या पाळीवर थांबली तरी मला फार आनंद होईल.

सकाळी ६.१५, मकरधोकडा

पाळीवर पोचतो तेव्हा दिसत काहीच नाही. धुकं पाण्यावर बसलेलं आणि सूर्य उगवायला अर्धा तास बाकी. ही वेळ कानांची. अडईची शीळ चटकन कळते. वारकऱ्यांचं तुटक ओरडणं, टिबुकलीची खिंकाळी, कुठेतरी टिटवी. मैत्रीण वहीत नावं उतरवते, आकडे नाही. न दिसणाऱ्याचा आकडा लिहायचा नाही, हा आमचा नियम.

उभं राहायची जागा आधीच ठरलेली असते. सकाळी सूर्य पाठीशी हवा, म्हणजे पूर्वेच्या बाजूने पश्चिमेकडे बघायचं. उलट बाजूला उभं राहिलं तर सगळी बदकं काळी सावली होऊन बसतात आणि अर्धी सकाळ वाया जाते.

साडेसहाच्या पुढे वरून आवाज येतो. नाकातून काढल्यासारखा, घोगरा, एकाने दिला की दुसऱ्याने उत्तर द्यावं असा. पट्टकादंब. रात्रभर गव्हा-हरभऱ्याच्या शेतात आणि काठच्या कोवळ्या गवतात चरून ते उजाडताना पाण्याकडे परततात. धुक्यातून आधी आवाज, मग रांग, मग पंख आवळून तिरपं उतरणं. पांढऱ्या डोक्यावरच्या दोन काळ्या पट्ट्या अजून दिसत नाहीत, पण मानेची ठेवण पुरेशी असते. हा हंस दरवर्षी, प्रत्येक तलावावर दिसेल याची खात्री नाही. आला की आम्ही दोघी बोलणं थांबवतो.

तो कुठून येतो हे आता बऱ्यापैकी कळलं आहे. मंगोलिया, तिबेट, चीनमधलं छिंगहाई, किरगिझस्तान आणि आपल्या लडाखमधल्या उंच सरोवरांकाठी त्याची वीण होते. मंगोलियात संशोधक काही हंसांच्या मानेत अक्षरं-आकडे असलेला पट्टा घालतात. असे पट्टेवाले हंस कर्नाटकात म्हैसूरजवळच्या हदिनारू तलावावर पुन्हा दिसले आहेत. म्हणून टेलिस्कोपमधून मी आधी माना तपासते, पक्षी नंतर मोजते. पाठीवर लहानसं यंत्र बसवून केलेल्या अभ्यासात या हंसाचं उड्डाण ७,२९० मीटरपर्यंत नोंदलं गेलं, पण बहुतेक वेळ ते सहा हजार मीटरच्या खालीच उडतात असंही त्याच कामातून दिसलं. ते एकदा वर चढून सरळ रेषेत हिमालय ओलांडत नाहीत. डोंगराच्या चढ-उताराबरोबर वर जातात, खाली येतात, कारण विरळ हवेत उंची टिकवून ठेवणंच जास्त महाग पडतं. रात्री आणि पहाटे, हवा थंड आणि दाट असताना उडणं त्यांना सोपं जातं. त्यांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन अधिक घट्ट धरून ठेवतं. एव्हरेस्टवरून सहज उडणारा पक्षी अशी गोष्ट मुलांना सांगतात त्यापेक्षा मला ही खरी हकीकत मोठी वाटते. यात कष्ट आहेत आणि हिशेब आहे.

सकाळी ७.१५ ते ९

ऊन आलं की मोजणी सुरू.

मोजायची एक शिस्त आहे. डावीकडून उजवीकडे जायचं, मागे वळायचं नाही. हंस शंभर-दीडशेच्या आत असले तर एकेक डोकं मोजता येतं. थवा मोठा असेल तर आधी दहा पक्षी नीट मोजायचे, ते किती जागा व्यापतात हे डोळ्यात बसवायचं, मग त्या मापाने पुढे सरकायचं. आणखी मोठ्या थव्याला पन्नासाचं किंवा शंभराचं माप. दोघींनी वेगवेगळं मोजायचं आणि नंतरच आकडे एकमेकींना सांगायचे. फरक मोठा आला तर पुन्हा मोजायचं. बुडी मारणाऱ्या बदकांना घाई चालत नाही. लालसरी आणि शेंडी बदक सारखे पाण्याखाली जातात, त्यामुळे एकाच तुकड्याकडे बराच वेळ बघत राहावं लागतं.

कोण कुठे बसलं आहे यावरूनच तलाव वाचता येतो. मधल्या खोल पाण्यात बुडी मारणारे: लालसरी, शेंडी बदक, वारकरी, पाणकावळे. त्यांच्या अलीकडे, गुडघाभर पाण्यात, शेपूट वर करून उलटं होणारी बदकं: तलवार बदक, गडवाल, चक्रांग, भुवई बदक. थापट्या आपली रुंद चोच पाण्यात घालून गाळत फिरतो. त्याहून अलीकडे चिखलात शेकाट्या, तुतवार. कोरड्या काठावर चक्रवाकांची जोडी आणि पट्टकादंब. बदकांच्या बहुतेक जाती या उथळ पट्ट्यात राबतात. त्यांची मान जेवढी खोल पोचते तेवढंच त्यांचं ताट, म्हणजे फूट-दीड फूट पाणी. तलावात पाणी किती यापेक्षा उथळ काठ किती, यावर पक्ष्यांचा आकडा ठरतो. मला या लेखात सांगायचं आहे ते मुख्यतः हेच.

साडेआठच्या सुमाराला एक तरुण मोठी लेन्स घेऊन थेट हंसांच्या दिशेने चालू लागतो. मी त्याला हात करून बोलावते आणि टेलिस्कोपमधून बघायला देते. तो बराच वेळ बघतो. रात्रभर चरून आलेले हंस दिवसा विश्रांती घेतात. त्यांना फोटोसाठी दोन-तीनदा उठवलं तर त्यांची परतीच्या प्रवासाची शिदोरी कमी होते, हे सांगितल्यावर तो काठावरच बसकण मारतो. चांगले फोटो बसून मिळतात.

सकाळी ९.३०, काठावर

ढीवर मंडळी डोंगा काठाला लावत असतात. जाळ्यात रोहू, कटला आणि थोडे झिंगे.

"काय मोजून राहिल्या बाई?"

"पाखरं मोजतो भाऊ. यंदा कशी आहेत?"

"आली न जी. पण पाणी उतरल्याबिगर काठाले येत नाही थे. यंदा पाणी जास्त आहे."

एवढ्या तीन वाक्यांत त्यांनी आमच्या तक्त्यातल्या तीन रकान्यांचं काम केलं. पाऊस लांबला की जानेवारीतही तलाव तुडुंब राहतो, चिखलाचा पट्टा उघडा पडत नाही आणि काठाने चरणारे पक्षी दुसरीकडे जातात. म्हणून फक्त पक्षी मोजून भागत नाही. पाण्याची पातळी, वनस्पती, काठावरची शेती, मासेमारी, गुरं, कचरा हे सगळं लिहावं लागतं.

काठची गाळपेर आता वाढलेली दिसते. पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या जमिनीत गहू, हरभरा, टरबूज पेरतात. हंस तिथे चरतात आणि शेतकऱ्याचं नुकसान होतं, हेही खरं आहे. ते नाकारून पक्षी वाचवता येणार नाहीत. त्याहून मोठा शत्रू मात्र बेशरमाची झुडपं. एकदा काठ धरला की ती सोडत नाहीत. त्यांच्या जाळीत ना गवत उगवतं, ना माशाला अंडी घालायला जागा उरते, ना बदकाला चरायला. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढीवर समाजाला बरोबर घेऊन तलावांतलं बेशरम उपटलं आणि देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या, तेव्हा मासेही वाढले आणि पक्षीही परतले. पक्षी आणि मच्छीमार यांचं हित इथे एकच आहे. हे काम जेवढं लोकांपुढे यायला हवं होतं तेवढं आलेलं नाही.

आमच्याकडचा चहा त्यांना, त्यांच्याकडच्या मीठ घालून उकडलेल्या तुरीच्या शेंगा आम्हाला.

दुपारी ११.३०, सायकी

इथे काम लवकर आटपतं. ऊन चढलं की जानेवारीतही पाण्यावरची हवा थरथरते आणि टेलिस्कोपमधलं चित्र वितळतं. जवळच्या कमळांत काणूक, एका कोपऱ्यात सात नकटे, खांबावर नदी सुरय. हा सुरय आता जागतिक यादीत असुरक्षित गटात गेला आहे, म्हणून त्याची नोंद ठळक.

मोजणी अर्ध्यावर असताना दलदली भोवत्या पाण्यावरून खाली झेपावत येतो. विखुरलेले वारकरी क्षणात एका गठ्ठ्यात जमतात, बदकं उठतात, दोन घिरट्या घालतात, अर्धी बसतात, अर्धी निघून जातात. आधीचे आकडे खोडून पुन्हा सुरुवात. गेलेले पक्षी कोणत्या दिशेने गेले आणि किती वाजता, हे लिहून ठेवायचं. शेजारच्या तलावावरच्या गटाला फोन करून सांगायचं, म्हणजे तेच पक्षी दोन्हीकडे जमा होत नाहीत.

मेलेला पक्षी दिसला तर हात लावायचा नाही, वनखात्याला आणि पशुसंवर्धन विभागाला कळवायचं. २००५ मध्ये छिंगहाई सरोवरावर बर्ड फ्लूने हजारो पक्षी मेले आणि त्यांत पट्टकादंब सर्वाधिक होते. नागपूरकरांना हा विषय परका नाही. डिसेंबर २०२४ मध्ये गोरेवाड्याच्या वन्यप्राणी बचाव केंद्रातले तीन वाघ आणि एक बिबट याच रोगाने दगावले. आज असं काही दिसलं नाही.

दुपारी १.३०

जेवण बाभळीखाली. भाकरी, सोल्यांची भाजी, संत्री. मग परतीचा रस्ता.

दुपारी ४, अंबाझरी

शहरातले तलावही गणनेत घ्यावेत यावर माझा हट्ट असतो. अंबाझरी दीडशे वर्षांहून जुना, एके काळी नागपूरला पाणी पुरवणारा. रामदासपेठेचं या तलावाशी नातं पाण्यातूनच आहे. अंबाझरीतून पुढे येणारी नागनदी पंचशील चौकाजवळून जाते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, तलाव ओसंडला आणि नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. त्या दिवसापासून शहर अंबाझरीकडे पुराचा धोका म्हणून बघतं. सांडवा, भिंत, पाण्याची पातळी यांची चर्चा होते आणि ती व्हायलाच हवी. पण तलावाची मागची बाजू, जिथे पाणी हळूहळू उथळ होत जातं आणि जैवविविधता उद्यान लागतं, तिच्याबद्दल फार कोणी बोलत नाही.

सांडपाण्यातल्या खतावर पोसलेल्या जलपर्णीने गेल्या काही वर्षांत या तलावाला वेढलं. हिरवा गालिचा लांबून सुंदर दिसतो. त्याखाली उजेड पोचत नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो, आणि बुडी मारणाऱ्या बदकाला उतरायला मोकळं पाणी उरत नाही. आम्ही भिंतीवरून एकेक तुकडा तपासतो. पाणकावळे आहेत, बगळे आहेत, जांभळी पाणकोंबडी पानांवर चालते आहे. भिंतीसमोरच्या भागात स्थलांतरित बदक एकही नाही. मैत्रीण त्या भागापुढे शून्य लिहिते.

हे शून्य महत्त्वाचं आहे. पुष्कळ हौशी लोक पक्षी दिसले तरच नोंद करतात, रिकाम्या तलावाची नोंदच होत नाही. मग दहा वर्षांनी कागदावर दिसतं ते फक्त भरलेले तलाव, आणि काय गेलं हे कळायला मार्ग नसतो.

फुटाळ्यावर आम्ही थोडाच वेळ थांबतो. भोसल्यांच्या काळातला हा तलाव आता संगीत कारंज्यासाठी ओळखला जातो. त्याच्यावरून न्यायालयात जो वाद झाला त्याच्या मुळाशी असलेला नियम प्रत्येक नागपूरकराने वाचावा असा आहे. पाणथळ जागांच्या २०१७ च्या नियमांनी पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी, मत्स्यपालनासाठी किंवा करमणुकीसाठी माणसाने बांधलेले जलाशय पाणथळाच्या व्याख्येतून वगळले आहेत. आता विदर्भाकडे बघा. इथले जवळजवळ सगळे तलाव माणसांनीच बांधले, सिंचनासाठी किंवा पिण्यासाठी. हंसांना, बदकांना ते बांधलेले आहेत हे ठाऊक नाही. ते उथळ काठ बघून उतरतात. आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांना मिळणारा रामसर दर्जा महाराष्ट्रात तीन ठिकाणांना आहे: नांदूर मध्यमेश्वर, लोणार आणि ठाणे खाडी. नागपूर विभागात एकही नाही. ही व्याख्या बदलली पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

तोवर जे हातात आहे ते तरी करता येईल. गाळ काढताना सगळा तलाव भांड्यासारखा कोरायचा नाही. गाळ शेतात जावा, शेतकऱ्याला त्याचा फायदा आहे, पण एका बाजूचा सौम्य उतार तसाच राखावा. सुशोभीकरणात चहूबाजूंनी उभी सिमेंटची भिंत घातली की उथळ पट्टा एका हंगामात संपतो. फिरायला रस्ता हवा तर तो तीन बाजूंनी असू द्या.

रात्री ८, रामदासपेठ

अंघोळ, गरम वरणभात आणि मग टेबलावर तक्ते. वहीतल्या पेन्सिलीच्या नोंदी आजच उतरवायच्या, उद्यावर ढकलल्या की तपशील निसटतात. जात, आकडा, वेळ, पाण्याची स्थिती, धोके. मराठी नावाबद्दल शंका आली तर मारुती चितमपल्लींचा पक्षिकोश हाताशी असतो. जून २०२५ मध्ये ते गेले. विदर्भातल्या कितीतरी लोकांना पक्ष्याचं मराठी नाव त्यांच्यामुळे कळलं. नोंदी ई-बर्डवर चढवायच्या, एक प्रत समन्वयकाकडे पाठवायची.

या शहरात अशा नोंदींची परंपरा जुनी आहे. १८६३ मध्ये सुरू झालेल्या आपल्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे अजब बंगल्यात, काम करणाऱ्या ई. ए. डी'अब्रू यांनी १९३५ मध्ये मध्य प्रांतातल्या पक्ष्यांची यादी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापली. पूर्वी या भागात काय होतं हे सांगायला आज आपल्याला तीच उपयोगी पडते. नव्वद वर्षांनी कोणी आपल्या नोंदी काढून बघेल तेव्हा त्यांत मकरधोकड्याचे हंस असावेत आणि अंबाझरीचं शून्यही असावं.

पुढची गणना जानेवारीच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आहे. आपल्या गावाजवळचा एक तलाव निवडा, जिल्ह्याच्या समन्वयकाशी किंवा जवळच्या पक्षीमित्र मंडळाशी आधी बोला, आणि सूर्य उगवण्याआधी पाळीवर पोचा. ओळख नसेल तर जाणत्याबरोबर जा. दिसतील तेवढेच लिहा, आणि काही दिसलं नाही तर तेही लिहून पाठवा.